चार दहा

"चार दहा," ऑरिन टॅगर्ट म्हणाला. "आधी तेवढं लिही. रंगबिंग मागाहून."

वेंडेलने नव्या ट्रकच्या मागणीच्या कागदावर पेन ठेवलं. ट्रकच्या दुकानात तीस वर्षं बसलेला माणूस, ऑरिनचा शाळासोबती. "अरे, वायोमिंगचा निम्मा रस्ता ताटासारखा सपाट. तीन बेचाळीस घे. डिझेल कमी पिईल."

मागच्या आसाचा हा आकडा, ४.१० किंवा ३.४२. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो. आकडा मोठा, तर ओढ जास्त, उतारावर गाडी इंजिनानेच आवरलेली. आणि डिझेलही जास्त.

"तीन बेचाळीसच लिहा," मार्नी म्हणाली. ती ऑरिनची सून. चार वर्षांपूर्वी नवरा क्लेट घाटातल्या अपघातात गेला, तेव्हापासून गवताच्या गठ्ठ्यांची वाहतूक तीच करत होती. मोडकळीला आलेल्या भाड्याच्या ट्रकवर. "चालवणार मी आहे, डॅड. तुम्हाला तर समोरचं कुंपणही दिसत नाही."

"बिगहॉर्नचा घाट तुला उतरायचाय."

"घाटाला काय झालंय? माणूस नीट चालवेल तर घाट कुणाला खात नाही. क्लेटला घाई नडली. शेरीफनेही रिपोर्टात तेच लिहिलं. घरी पोरीला रोज सांगते मी, बापासारखी घाई करू नकोस."

वेंडेल उगाच कागद जुळवत बसला. ऑरिनने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बोलताना त्याने सुनेकडे पाहिलं नाही.

"घाई नव्हती त्याला."

"काय?"

"तो ट्रक मी मागवला होता. क्लेट म्हणाला, पा, चार दहा घेऊ, नाहीतर घाटात भरल्या गाडीला इंजिन धरत नाही. मी म्हटलं, तुला काय घाटात बिऱ्हाड करायचंय? आणि तीन बेचाळीस घेतला. दोनदा सांगितलं त्याने मला, घाटात ब्रेक तापतात, धरत नाहीत म्हणून. मी म्हटलं, पाय हलका ठेव."

मार्नी अगदी हळू म्हणाली, "शेरीफ घरी आला होता. तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

"होतो."

"गाव त्याला बेफाम म्हणत होतं. मी म्हणत होते."

"ऐकत होतो."

बाहेर वाऱ्याने दुकानासमोरचे झेंडे फडफडत होते. वेंडेल काहीतरी बोलायला गेला, पण मार्नीने हात वर केला. कागद स्वतःकडे ओढला, 'चार दहा' स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली सही ठोकली.

परतीचे ऐंशी मैल तिने गाडी हाकली. घराशी गाडी उभी करून तडक आत गेली. ऑरिन कठडा चाचपत पायऱ्या चढला. जाळीच्या दारापलीकडे स्वयंपाकघरात ती पोरीला समोर बसवून सांगत होती, "जोली, इकडे बघ. तुझा बाबा सावकाश चालवत होता. मी खोटं सांगत आले. मला ठाऊक नव्हतं."

"मग कुणाला ठाऊक होतं?" पोरीने विचारलं.

ऑरिनने दाराच्या कडीवर हात ठेवला होता. आतून आपलंच नाव येतं का, हे ऐकायला तो तसाच उभा राहिला.