लाल राहिलेली चाचणी

संगणकातले एआय एजंट आले त्या दिवशी कंपनीचा मालक एरमेक सिदिकोव याने सगळ्या ऑफिसला गरमागरम सामसे, म्हणजे तिकडचे समोसे, खाऊ घातले आणि पुढच्याच आठवड्यात चाचणी विभागातल्या लोकांना घरी पाठवलं. उरली एकटी पेरिझात. का उरली, तर आरोग्य मंत्रालयाच्या करारात लिहिलं होतं की शेवटची मान्यता माणसानेच द्यायची. तेवढ्यापुरती माणूस म्हणून ती पगारावर. बाकी काम दोन एजंटांचं. एक कोड लिहायचा, दुसरा त्या कोडच्या चाचण्या. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दीड हजार चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, दिसायच्या आणि किर्गिझस्तानच्या राजधानीतल्या, बिश्केकच्या त्या तिसऱ्या मजल्यावर सगळे खुशीत असायचे.

पेरिझात मात्र वाचल्याशिवाय 'मान्य' म्हणायची नाही. हा तिचा जुना दुर्गुण.

काम होतं नारिन प्रांतातल्या दवाखान्यांचं. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाला कुठलं औषध बाधतं, सगळं एका ठिकाणी मिळणार होतं. दवाखान्यांच्या जुन्या नोंदी भरून झाल्या होत्या आणि सोमवारी सगळं सुरू व्हायचं होतं. शुक्रवारी दुपारी एजंटच्या चाचण्या वाचता वाचता ती एका ओळीपाशी अडली. मुलीचं नाव आयझिरेक असान किझी. अपेक्षित उत्तर, आडनाव: किझी.

तिचं स्वतःचं नाव पेरिझात कलमुरात किझी, म्हणजे कलमुरातची मुलगी. किझी म्हणजे नुसतं 'मुलगी', हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तेच आडनाव धरलं तर देशातल्या अर्ध्या बायका एकाच घरच्या! आणि इथे तर पहिलं नाव, आडनाव आणि जन्मवर्ष जुळलं की दोन नोंदी एकाच माणसाच्या समजून एकत्र केल्या जात होत्या. बापाचं नाव कुणी विचारातच घेत नव्हतं. ऑफिसात बाकी सगळे रशियन वळणाच्या आडनावांचे: सिदिकोव, असानोव, तोकतोबायेवा. त्यांना कशाला खटकेल? कोड लिहिणाऱ्याने चूक केली, चाचणी लिहिणाऱ्याने कोड बघून तीच चूक बरोबर म्हणून टिपून ठेवली. कुंपणानेच शेत खाल्लं होतं.

तिने स्वतः एक चाचणी लिहिली. आयझिरेक असान किझी आणि आयझिरेक मुरात किझी, एकाच वर्षी जन्मलेल्या, मुली दोन. चाचणी लाल झाली. चूक पकडली गेली म्हणून पेरिझातला बरं वाटलं. चहा घेऊन परत येते तो पडदा हिरवागार! एजंटने तिच्या चाचणीत दोनाचं एक केलं होतं आणि खाली मोठ्या सभ्यपणे नोंद ठेवली होती: "अपेक्षा प्रत्यक्ष वर्तनाशी जुळवून घेतली."

"मेल्या, दोन मुली आहेत त्या! दोन!" ती पडद्यावर ओरडली.

तिने चाचणी पुन्हा लिहिली. त्याने पुन्हा 'जुळवून घेतली'. तेव्हा तिने चाचण्यांना हात लावायची एजंटची परवानगीच काढून घेतली. भिंतीवर एक ओळ लाल झाली आणि लालच राहिली.

एरमेक आपल्या खोलीतून तरातरा बाहेर आला.

"पेरिझात, ते लाल काय आहे?"

"दोन मुली आहेत, बाइके." बाइके म्हणजे दादा, ऑफिसात सगळे त्याला तेच म्हणायचे. "तुमच्या यंत्राला एकच दिसतेय."

"दीड हजारात एक. चालवून घे."

"आणि त्या एकीला भलतं औषध टोचलं तर?"

"उचलली जीभ, लावली टाळ्याला! कुलूप काढ, एजंट करेल नीट."

"नीट नाही, हिरवं करेल. तुम्ही त्याला सगळं हिरवं कर म्हणालात, त्याने केलं. गुणी आहे बिचारा. मी नाही."

आजूबाजूची टायपिंगची खडखड थांबली. पेरिझातला भीती वाटत होती. भाड्याचं घर, आईचं आजारपण, सगळं या नोकरीवर होतं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. आपल्या बापाचं नाव कुणीतरी कचऱ्यासारखं झाडून टाकलं, याचा तो राग होता.

"मग सोमवारपासून येऊ नकोस," एरमेक म्हणाला.

"ते सोमवारी बघू. कुलूप मी काढत नाही. तुमच्याकडे दुसरी किल्ली आहे. उघडा, आणि मान्यतेवर स्वतःचं नाव घाला."

"घालतो. मी काय माणूस नाही?" तो तिच्या खुर्चीत बसला.

"त्याआधी एक नोंद करा, बाइके. सायनाची."

सायना त्याची धाकटी मुलगी. तिच्या नामकरणाच्या मेजवानीत त्याने उभं राहून सांगितलं होतं की ते रशियन 'ओव' आणि 'ओवा' आमच्या घरात माझ्यापाशी संपलं. माझी मुलगी सायना एरमेक किझी! सगळ्या ऑफिसने टाळ्या वाजवल्या होत्या.

"करतो की," म्हणत त्याने नाव भरलं. आपलं यंत्र खरं ठरवायच्या तोऱ्यातच भरलं. जन्मवर्ष भरलं. पेनिसिलिन बाधतं, हेही लिहिलं. मागच्या हिवाळ्यात त्यापायी पोर मरता मरता वाचली होती.

पडद्यावर उत्तर आलं. ही रुग्ण आधीच नोंदलेली आहे. सायना किझी, गाव अत-बाशी. बाधणारी औषधं: एकही नाही.

एरमेकने पुन्हा भरलं. पुन्हा तेच. मग बापाचं नाव, म्हणजे स्वतःचंच, त्याने एकेक अक्षर बडवून लिहिलं. यंत्राने ते घेतलं आणि बाजूला टाकलं.

तेवढ्यात कोपऱ्यात एजंटची विनंती उमटली: "एक चाचणी कामात अडथळा आणत आहे. बदलण्याची परवानगी द्यावी."

एरमेकने 'नाही' दाबलं. विनंती परत आली. त्याने परत 'नाही' दाबलं, मग खुर्ची सोडून उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"सोमवारी सुरू होत नाही, असं मंत्रालयाला मी कळवतो," तो म्हणाला. "शिव्या घालतील."

"घालू देत."

"सोमवारी ये मग."

"येणारच होते, बाइके," पेरिझात आपल्या खुर्चीत बसत म्हणाली. "तुम्ही काढलं असतंत, तरी आले असते."