वास गेलेला निळा ड्रम

मी एक निळा, प्लास्टिकचा ड्रम बोलतोय. चितेगावात, एका पत्र्याच्या खोलीमागं उपडा पडलोय. बोलावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं, कारण जे सांगायचं आहे त्याची मलाच पुरती खात्री नाही.

तरुणपणी मी एका कारखान्यात होतो. माझ्या पोटात एक पातळ द्रव असायचा. तो कापडाला लावला की कापडात पाणी मुरत नसे, थेंब घरंगळून जात. मी रिकामा झाल्यावर लेबल खरवडून मला भंगारात काढलं.

तिथून सूर्यभाननं मला आणलं. त्याचा बाप मेंढरं राखायचा, ढोल वाजवायचा; सूर्यभान हमालीला जातो. नळाचा भरवसा नाही, घरात ड्रम हवाच. त्याच्या बायकोनं, अंबिकेनं, मला राखेनं घासलं, चिंचेच्या पाण्यानं विसळलं, बरेच दिवस उन्हात ठेवलं. मग सासू राजाबाईनं माझ्यात डोकं घालून लांब श्वास घेतला.

"काय म्हणतंय नाक?" सूर्यभाननं विचारलं.

"गेला वास. भर पाणी."

इथं जुन्या ड्रमची हीच परीक्षा. राजाबाईनं मला हळदीकुंकवाची बोटं लावली, आणि मी घरचा झालो.

अंबिकेचा थोरला, अजिनाथ, माझ्याच पाण्यावर वाढला. मी रिकामा असलो की दोन्ही हातांनी मला बडवायचा, मग कान लावून आवाज विरेपर्यंत थांबायचा.

"आज्याचा ढोल उतरलाय ह्याच्या हातात," राजाबाई म्हणायची. "ढोल ईकून खाल्ला, आता बडव ड्रम."

अंबिकेनं त्याची एकही लस चुकवली नाही. "चांगल्या पोराला कशाला टोचतीस गं?" म्हणणाऱ्या सासूशी भांडून ती त्याला न्यायची.

आणि तरीही अजिनाथला गोवर निघाला. दाराला लिंबाचा पाला बांधला, घरात फोडणी बंद झाली. ताप डोक्यात गेला तेव्हा त्याला दवाखान्यात हलवलं. पोर वाचलं, पण कान गेले.

"टोचलं होतं ना? मग काय कामाला आलं?" राजाबाई म्हणाली. "आता धाकटीला नाय न्यायचं."

धाकटी सुलेखा गोवराच्या लसीच्या वयाला आली होती. अंबिकेनं तिला नेणं सोडून दिलं.

गल्लीत लस घेतलेल्या आणखी दोन पोरांना गोवर निघाला, तेव्हा एक डॉक्टरीणबाई घरोघर पाहायला आल्या. माझ्यापाशी थांबल्या. मी कुठून आलो, ते त्यांनी विचारलं. सूर्यभाननं कारखान्याचं भंगार सांगितलं.

"काही रसायनं पोटात जात राहिली, की मुलांमध्ये लसीचं बळ कमी तयार होतं, असं दिसलंय," त्या म्हणाल्या. "पण याच ड्रममुळं झालं, असं मी सांगू शकत नाही. लस घेऊनही थोड्या मुलांना गोवर होतोच."

"म्हंजे, माझ्या हातानंच पाजलं व्हय मी?" अंबिका म्हणाली.

"तू लस दिलीस म्हणूनही तो वाचला असेल. धाकटीची चुकवू नकोस. पिण्याचं पाणी मात्र यातलं नको."

बाई गेल्या. सूर्यभान मला उचलायला लागला. "भंगारात देऊन टाकतो."

"अन् तो कोणाला ईकल? त्यांच्या घरात लेकरू नसंल व्हय?"

अंबिकेनं चुलीत सळई तापवली आणि माझ्या बुडाला भोकं पाडली. राजाबाई उंबऱ्यात बसून पाहत होती. नंतर ती उठली, सुलेखाला टोपडं बांधलं आणि म्हणाली, "चल, टोचताना मी धरते हिला. तुझ्यानं हिचं रडणं बघवत नाय."

दोष माझा होता का? रोज विचार करतो. एक दिवस हो वाटतं, दुसऱ्या दिवशी नाही. एवढंच मागतो, माझ्या भावंडांना पाण्यासाठी घरी नेऊ नका. वास गेला तरी आतलं गेलं की नाही, ते नाकाला कळत नाही.

अजिनाथ अजून येतो, मला बडवतो. आधी कान लावतो. मग कान काढून तळवा टेकवतो, आणि माझं थरथरणं थांबेपर्यंत उभा राहतो.