आत्याचा मान

साहेब, चरबीची ती खोकी बंदरात तुम्ही उतरू दिलीत. मेंढीच्या पोटाची चरबी, मेंढ्या पाळणाऱ्या देशात ताटात कुणी घेत नाही ती, गोठवून आमच्या टोंगा बेटांवर येते आणि तुम्ही शिक्का मारता.

माझी लुसेआने आत्या ती मानाने खात आली. आमच्यात मयताच्या घरी बापाची बहीण सगळ्यांत मोठी. उत्तम चटई तिची, पहिला वाटा तिचा. पूर्वी वाट्यात कोनफळं आणि मासे असत. आता मांसाचे डबे आणि ही चरबी. आजीच्या काळी बोटीतून ताप उतरायचा, आठवड्यात घरं ओस पडायची. आता अंगात साखर येते, मधुमेहाची. ती घाई करत नाही, वीस वर्षं घेते.

मार्चमध्ये चुलत्याच्या मयताला मी आत्याच्या मागे बसले होते. वास आला.

"आत्या, पाय दाखव."

"गप गं. मयताचा असेल."

"मयत काल पुरलं."

"मग तुझ्या नवऱ्याचा असेल." शेजारच्या बायका तोंडावर हात धरून हसल्या.

मी तिच्या पायावरची चटई बाजूला करून फडकं उलगडलं. दोन बोटं काळी पडली होती. दुखत नव्हतं, म्हणून तिनं फडकं गुंडाळून सोडून दिलं होतं.

बाबांचं घर तिच्या अंगणापलीकडेच. मी तशीच तिकडे गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"महिनाभर. लंगडायची."

"मग बोलला का नाहीत?"

"आपल्यात बहिणीच्या अंगाचं नाव भाऊ काढतो का? मी दारात पपई ठेवून यायचो."

इस्पितळात डॉक्टरीण म्हणाली, महिन्यापूर्वी आणलं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं. गुडघ्यापासून पाय कापायचा, आत्या तापाने शुद्धीत नाही, म्हणून सही भावाची लागणार होती. कागदावर 'पाय' लिहिलेलं बघून बाबा व्हरांड्यात जाऊन बसले. दुपार गेली. मी हात धरून सही घेतली. कापल्यावर सहाव्या दिवशी आत्या गेली.

तेव्हापासून बाबा धड जेवत नाहीत. रोज मला एकच विचारतात, "मी तोंड उघडलं असतं तर वाचली असती ना?"

मी खोटं बोलत नाही, साहेब. असती, असं म्हणते. पण तेवढंच खरं नाही, आणि उरलेलं माझ्या तोंडून त्यांना पटत नाही. तुम्ही या. त्यांच्यासमोर जमिनीवर बसा आणि तुमचा वाटा स्वतः सांगा. कधी येताय?