दोन दिवस थांबा

गोंदियाजवळच्या कुडव्यात माझ्या मुलीचं, समीक्षाचं, ब्युटी पार्लर आहे. खुर्च्या दोनच, पण दारावरचा बोर्ड मी स्वतः उभं राहून रंगवून घेतलाय आणि तो रस्त्याच्या पार त्या टोकावरून वाचता येतो. मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. आता पार्लरच्या दाराशी पेपर वाचत बसतो आणि कोणी न विचारता सल्ले देतो. ‘चुकलो’ म्हणायची मला सवय नाही. गाडीत कधी गरज पडली नाही, घरात कोणी हिंमत केली नाही.

समीक्षाची एक खोड मात्र मला पटत नव्हती. नाजूक कातडीची नवी बाई आली, की ही आधी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला पेनानं गोल काढणार, जे चेहऱ्याला लावायचं त्याचा थेंब त्यात लावणार आणि म्हणणार, “दोन दिवस थांबा.” दारात आलेलं गिऱ्हाईक असं कोणी परत पाठवतं का? नागपुरात कोर्स करून पोरगी जरा जास्तच शिकली, असं माझं मत होतं आणि ते मी सगळ्यांना ऐकवत होतो.

मे महिन्यातल्या एका बुधवारी कामठ्याच्या शामकलाबाई भाचीला घेऊन आल्या. भाचीचं नाव चेतना. शुक्रवारी तिची हळद, शनिवारी लग्न. पोरीची कातडी अशी, की नवा कपडा न धुता घातला तरी पुरळ उठायची. मावशीनं पर्समधून एक छोटी बाटली काढली. लिंबाच्या सालीचं सुगंधी तेल, मोबाइलवरून मागवलेलं.

“हे हळदीत टाकाचं हाय,” मावशी म्हणाल्या. “चेहरा चमकते म्हणे. पूरा नॅचरल हाय.”

“नॅचरल हाय, पण लय कडक हाय,” समीक्षा म्हणाली. “असं बाटलीतून थेट कातडीले लावत नाहीत. आन् लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं का कातडी भाजते. चेहऱ्याले तर मी हे लावूच देणार नाही.”

मावशीचं तोंड उतरलं. तेव्हा समीक्षानं दोन चमचे खोबरेल तेलात त्या तेलाचा एकच थेंब टाकला, चेतनाच्या कोपराशी गोल काढला आणि त्यात ते मिश्रण लावलं. “इथं पाणी लागू देऊ नोका. शुक्रवारी सकाळी पाहा, मंग तुम्हालेच समजन.”

मला राहवलं नाही. मी उठलो, बाटली घेतली आणि सात-आठ थेंब सरळ माझ्या हातावर ओतून मनगटापर्यंत चोळले. “लिंबू तर आपण रोज वरणात पिळतो. पाहा, काही झालं काय?”

काही झालं नव्हतं. मावशी हसल्या. समीक्षा म्हणाली, “बाबा, हात धुऊन या.” मी धुतला नाही. उलट भर दुपारी स्कूटी काढून गोंदियाच्या बाजारात गेलो.

गुरुवारी सकाळी शामकलाबाईंचा फोन आला. “हिरालालभाऊ, हात कसा हाय?”

“चकाचक,” मी म्हणालो. “टाका बिनधास्त.” आणि समीक्षाला त्यातलं काही सांगितलं नाही.

संध्याकाळी हात चुरचुरायला लागला. घामोळं असेल म्हणून गप्प बसलो. शुक्रवारी सकाळी पाहतो तर तेल जिथून जिथून ओघळलं होतं तिथं तिथं हात लालभडक, आणि मनगटावर टरारून फोड आलेले. माझा हात गेला खड्ड्यात. मला त्या पोरीचा चेहरा दिसायला लागला. उद्या तिचं लग्न होतं.

मी समीक्षाला फोनचं सांगितलं. ती रागावली नाही, याचीच मला जास्त लाज वाटली. तिनं माझ्या हातावर ओलं फडकं ठेवलं आणि मावशींना फोन लावला. चारदा लावला. कोणी उचलला नाही.

“मी जातो,” ती म्हणाली.

“बोललो मी, जाईन मी,” म्हणालो, हात झाकायला पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवला आणि कामठ्याला निघालो.

पोचलो तेव्हा चेतना पाटावर बसली होती, समोर परातीत हळद कालवलेली आणि मावशींच्या हातात बाटली. मी मांडवाच्या तोंडापासूनच ओरडलो, “थांबा.” चौतीस वर्षांचा आवाज आहे. बाया थांबल्या, बँडवालाही थांबला.

मी बाही वर केली.

“अवं बाप्पा,” मावशी म्हणाल्या. “तुम्हीच तर म्हणाले, चकाचक हाय.”

“काल होता. हे तेल आपला गुण तवाच नाही दाखवत. मी धीर नाही धरला.”

तेवढ्यात चेतनानं आपला कोपर पुढे केला. गोलाच्या आत बारीक लाल पुरळ उठली होती, तीही एका थेंबाच्या पातळ मिश्रणानं. “कालपासून खाजवून राहिलं,” ती म्हणाली. “सांगितलं मी. पण कोणी ऐकून राहिलं काय?”

मावशींनी बाटलीचं झाकण लावलं. “मंग आता चेहऱ्याले काय लावाचं, भाऊ?”

माझ्याकडे सल्ला नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं. मी समीक्षाला फोन लावला, बाही वर करून सगळ्यांना हात दाखवल्याचं सांगितलं आणि स्पीकर चालू केला.

“चेतनाले साधी हळद चालते काय?” समीक्षानं विचारलं.

“चालते, ताई. नेहमी लावतो.”

“मंग तेवढीच लावा. चेतना, कोपर साध्या पाण्यानं धू, खाजवू नोको. वाढलं तर डॉक्टरले दाखवजा. उद्या सकाळी मी येतो.”

मांडवात चाळीस तरी बाया असतील. सगळ्या माझ्या पोरीचं कान देऊन ऐकत होत्या. एवढ्या शांतपणे माझं कोणत्याच गाडीत कोणी ऐकलं नव्हतं. हात भाजलेला असूनही माझी छाती फुगली होती, हे मी लपवणार नाही. फोन तसाच सगळ्यांसमोर धरून मी म्हणालो, “समीक्षा, मी चुकलो. तुझंच बरोबर होतं, बेटा.”



पलीकडून तिचा आवाज आला. “बाबा, निघताना बाही खाली करा. ऊन हाय.”