हिरवा नकाशा

उत्कर्षाच्या डोक्यात सकाळपासून एकच दवाखाना घोळत होता. हिंजवडीच्या पुढचा, डॉक्टर मेहबूबचा. चार वाजता दिल्लीबरोबर आढावा बैठक, आणि संगणकावरच्या नकाशात सगळे जनावरांचे दवाखाने हिरवे असताना तेवढाच लाल. पशुरोग नोंदणी कक्ष तिच्याकडे होता. लाल म्हणजे महिन्याचा अहवाल आलेला नाही, म्हणजे कामचुकारपणा, एवढंच वरच्यांना कळे.

मेहबूब कामचुकार मुळीच नव्हता. त्याच्याकडे सात गाईंच्या अंगावर गाठी उठल्या होत्या. लक्षणं लम्पीची. नमुने त्याने स्वतः मोटारसायकलवरून प्रयोगशाळेत पोहोचवले होते. पण ऑनलाइन अर्ज प्रयोगशाळेचा नोंदणी क्रमांक मागत होता, आणि प्रयोगशाळा म्हणत होती, सोमवारी बघू. पूर्वी ‘संशयित’ असा एक रकाना असायचा. त्या रकान्यामुळे आकडे बिघडतात म्हणून वरून तो काढून टाकला होता. रोग डोळ्यांना दिसतोय, लिहायला मात्र जागा नाही. कुठल्या शहाण्याचं हे डोकं, देव जाणे.

“मॅडम, नोंद नाही तर लस नाही,” मेहबूब फोनवर म्हणाला. “गावात अजून तीनशे धडधाकट जनावरं आहेत. लस आजच्या गाडीने आली तरच काही खरं.”

“आज नोंद होईल. माझा शब्द.”

तिने वरिष्ठांना, रावसाहेबांना गाठलं. “सर, बैठकीत सांगू या, तिथे रोग आहे म्हणून.”

“बैठक रोगाची नाही, अहवालांची आहे,” रावसाहेब म्हणाले. “किती आले, एवढंच विचारतात.”

संताप गिळून ती रिक्षाने प्रयोगशाळेत गेली आणि क्रमांक हातात पडेपर्यंत तिथून हलली नाही. येताना स्वारगेटला पाऊण तास अडकली. कक्षात शिरली तेव्हा पाच वाजत आले होते, बैठक आटोपली होती आणि नकाशा पूर्ण हिरवा होता.

“हा हिरवा कसा झाला?”

“शून्य अहवाल भरला, मॅडम. नेहमीसारखा,” संगणकावर बसणारी चैताली म्हणाली.

शून्य अहवाल म्हणजे रोग नाही, असा अहवाल. शेवटच्या तारखेला मागे राहिलेल्या दवाखान्यांच्या नावाने तो कक्षातूनच भरायचा, ही पद्धत उत्कर्षानेच दोन वर्षांपूर्वी पाडली होती. डॉक्टरांना उगाच नोटिसा नकोत म्हणून. शंभर टक्के अहवाल आले म्हणून तेव्हा तिचं कौतुकही झालं होतं. आता चिडायचं तरी कोणावर, म्हणून ती आणखीच चिडली.

तिने ‘दुरुस्ती’ दाबलं. दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उघडणार होती. लसीची यादी याच नकाशावरून निघाली होती आणि गाडी साडेचारलाच सुटली होती.

“सर, गाडी हिंजवडीकडे वळवा.”

“कशाच्या आधारावर?” रावसाहेबांनी विचारलं. “तिथे रोग नाही, असं आपणच कळवलंय.”

तेवढ्यात मेहबूबचा फोन आला. “गाडी निघाली का, मॅडम?”

“निघाली. तुमच्याकडे येणार नाही.” उत्कर्षाला स्वतःचीच लाज वाटली. “तुमच्या नावाने शून्य आम्ही भरला. ही पद्धत माझीच.”

पलीकडे गाई हंबरत होत्या.

“बरं,” मेहबूब म्हणाला. “गोठ्यात जाऊन गाईंना सांगतो, तुम्ही आजारी नाही म्हणून. पुण्याहून कळवलंय म्हटल्यावर ऐकतील.”