आनंदाच्या सायकलचा दिवा

खारघरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या अरुंधतीबाईंनी आनंदाच्या सायकलला दिवा बसवून दिला, तेव्हा अख्ख्या सोसायटीने त्यांचं कौतुक केलं. आनंदा उलव्यापलीकडच्या कोळीवाड्यातला. पहाटे अंधारातच मासळीची पाटी कॅरियरला बांधून निघायचा आणि उजाडता उजाडता गेटवर हजर व्हायचा. बाईंनी त्याच्या पुढच्या चाकाच्या मध्यभागी डायनॅमो बसवला, पुढे-मागे एलईडी लावले, सर्किट एका जुन्या डबीत बंद केलं. चाक फिरलं की दिवे लागत. सेल नको, चार्जिंग नको. आनंदाने मागे सुतळीने बांधलेली सेलची लाल बत्ती फोटोत वाईट दिसत होती. "आता हिचं काय काम?" म्हणून बाईंनीच ती काढायला लावली आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

एक गोष्ट मात्र त्यांनी आनंदाला सांगितली नाही. चाक थांबलं की दिवे विझत. थोडी वीज साठवणारा कपॅसिटर लावला असता तर ते थांबल्यावरही चारपाच मिनिटं जळत राहिले असते. तो मागवायचा राहिला होता. सांगितलं तर काम अर्धवट वाटलं असतं, आणि पुढच्या रविवारी लावायचाच होता की. तो रविवार पेपर तपासण्यात गेला, त्यापुढचा एका लग्नात.

तिसऱ्या आठवड्यात आनंदा आलाच नाही. वॉचमनकडून कळलं, उलव्याच्या रस्त्यावर चेन पडली म्हणून तो कडेला थांबला होता. मागून आलेल्या टेम्पोला तो दिसला नाही. मनगट मोडलं होतं.

बाई त्याच्या घरी गेल्या. प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन आनंदा ओट्यावर बसला होता. त्याची बायको गंगाबाई पाणी घेऊन आली. बाईंनी काही विचारायच्या आतच तो ओशाळून म्हणाला, "ताई, तुमची लाईट मोडली. मी थांबलो नि ती इजली. माजंच काय चुकलं आसल, वायर हलली आसल."

हो म्हणून सुटणं सोपं होतं. क्षणभर तसं जिभेवर आलंही, आणि तेवढ्यानेच बाईंचे कान तापले.

"तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "थांबल्यावर ती विझतेच. मला माहीत होतं."

गंगाबाई तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

"तवाच सांगायचं होतं ना, ताई," आनंदा म्हणाला. "माजी बत्ती तरी ठेवली आसती."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. सायकल नीट करून देते म्हणाल्या, तर त्याने नुसतीच मान हलवली, नको म्हणून.

घरी येऊन त्यांनी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं. दोघातिघांनी अंगठे पाठवले. तिसऱ्या मजल्यावरच्या हेतलने विचारलं, माझ्या सायकलला कधी बसवताय?

दोन महिन्यांनी आनंदा पुन्हा गेटवर आला. त्याने बाईंना नेहमीसारखेच ताजे बोंबील निवडून दिले, वर दोन जास्त टाकले. दिव्याचं नाव कोणीच काढलं नाही. पिशवी घेऊन बाई सायकलकडे न बघताच लिफ्टकडे वळल्या.