चार बोटं उंच

मी चार बोटं म्हणाले होते. एकदा नाही, तीनदा. दौलत लोहाराच्या डोळ्यांसमोर हात धरून, अंगठा दुमडून, ही अशी चार बोटं दाखवली होती. तो काही आंधळा नव्हता आणि मी काही मुकी नव्हते. तरी नंतर शिवडीचा अख्खा कोळीवाडा मलाच विचारत होता, मंजुळा, तू आधी बोलली का नाहीस?

गोष्ट अठराशे चौऱ्याण्णव सालच्या माघातली. माझ्याकडे एका बैलाची गाडी होती. भायखळ्याच्या एका पारशी बाईची ती जुनी गाडी. वरचं छत मोडलं म्हणून तिने काढून टाकली आणि मी घेतली. कोळणीला कमानीची गाडी कशाला, म्हणून लोक हसले. हसेनात का. चाकावरची ही पोलादी कमान धक्का खाते; ती नसली की परळच्या खडीवर पापलेट आपटून आपटून मऊ पडतं, आणि लालबागच्या गिरणीतल्या बाया बोटाने दाबून बघतात. माझं पापलेट दाबून बघायची कुणाला गरज पडत नसे.

ती पारशी बाई जाड होती. तिला चढायला सोपं जावं म्हणून गाडीची फळी जमिनीपासून जेमतेम गुडघाभर उंच ठेवलेली. बंदरावरून रस्त्याला लागायचं तर मिठागराच्या बांधावरून जावं लागतं, आणि बांधात पाणी सोडायची जी उघाडी आहे तिथे एक मोठा दगड आडवा बसवलेला आहे. रोज त्या दगडावर गाडीचं पोट घासायचं. कधी अडकायचीच. मग पाट्या उतरवा, गाडी पुढे काढा, पाट्या पुन्हा चढवा. पुनवेच्या उधाणाला तर बांधावर पाणी चढून फळी भिजायची.

पण त्याच बुटक्या फळीमुळे मला मासळी एकटीने चढवता येत होती. पाटी दोन्ही हातांनी उचलायची, गुडघ्यावर टेकवायची, एक दम घ्यायचा आणि गुडघ्यावरून फळीवर सरकवायची. कुणाला हाक मारायची नाही, कुणाची वाट बघायची नाही.

हे का सांगते, तर आमच्यात रीत आहे. मासळी पाण्यात आहे तोवर पुरुषाची, जमिनीला लागली की बाईची. विकायची कुठे, कुणाला, किती भावाने, हे बाई ठरवते. पण रीत नुसती बोलून टिकत नाही. पाटी चढवायला एकदा का पुरुष लागला की तो पुढच्या फळीवर बसतो, आणि पुढच्या फळीवर बसला की भावही तोच सांगतो. माझ्या आईचं असंच झालं. मामाने फक्त पाट्या उचलायला म्हणून सुरुवात केली आणि दोन वर्षांत ती स्वतःच्याच मासळीवरच्या माश्या वारत बसली. मरेपर्यंत तेच केलं तिने. मला तसं मरायचं नव्हतं.

म्हणून फळी उंच करून घ्यायचं ठरलं तेव्हा मी नीट मोजलं. दगडावर बैल उभा केला, चिखलात आडवी झाले आणि गाडी किती अडते ते बघितलं. तीन बोटं. भरल्या वजनाने कमान आणखी एक बोट बसते. झाली चार. मग घरी पाटावर पाट रचून माझा गुडघा कुठपर्यंत पोचतो तेही बघितलं. चार बोटं झेपली, टाच उचलली की झालं. पाचव्या बोटाला पाटी हातातून सुटली आणि पायावर आली. अंगठ्याचं नख गेलं, पण माप पक्कं झालं.

आता धोंडू. धोंडू म्हणजे माझा धाकटा दीर. दिवाळीत त्याचं होडीच्या भागीदारांशी वाजलं, तेव्हापासून तो बंदरावर बसून सगळ्यांना सल्ले देत होता. सल्ला द्यायला काही भरती-ओहोटी बघावी लागत नाही. परळच्या भोईवाड्यात दौलतकडे गाडी घेऊन निघाले तर हा आपणहून बैल हाकायला बसला.

"दौलतभाऊ, फळी आणि कमान यांच्यामधी चार बोटाचे ठोकळे बसवा," मी म्हणाले. "बाभळीचे."

दौलतने माझं ऐकलं आणि धोंडूकडे बघून विचारलं, "किती ठेवू?"

"आत्ता सांगितला ना," मी म्हणाले.

"चार बोटानं काय व्हतंय?" धोंडू म्हणाला. "पुरी वीत ठेव. काठ उंच असला की आत पाणी नाय येत."

"ही होडी नाय रे, धोंडू."

"लाकूड ते लाकूड, वैनी. साहेबाची टांग्यासारखी गाडी बघ, कशी उंच दिसते."

तिथे कोळशाची भरलेली पाटी पडली होती. मी ती उचलली, गुडघ्यावर घेतली आणि म्हणाले, "ह्या बघा, दौलतभाऊ. हा माझा गुडघा. ह्याच्यावर चार बोटं, त्याच्यावर नाय. ह्याच्यापेक्षा वर गेली तर मला चढवता येणार नाय."

दौलत भात्याकडे बघायला लागला. भर रस्त्यात बाईने गुडघा वर केला म्हणून त्याला लाज वाटली म्हणे. आम्हा कोळणींचं लुगडं मुळात गुडघ्यापर्यंतच असतं. जन्मभर परळात राहून त्याने ते कधी बघितलं नव्हतं काय? माप बघितलं असतं तर त्याचे डोळे फुटले नसते.

गिरणीच्या सुटीची वेळ होत आली होती. मासळी वाट बघत नाही. मी डोक्यावर पाटी घेतली, जाताना पुन्हा चार बोटं दाखवली आणि लालबागला गेले. तीच माझी चूक. संध्याकाळी परत आले तर गाडी वीतभर वर. फळी माझ्या मांडीला लागली.

"घरच्या माणसानं सांगितलं," दौलत म्हणाला.

"आणि मी कोण? रस्त्यावरची?"

तो ऐरणीवरचं खिळ्याचं टोक ठोकत राहिला.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. आज मी घेते. रामचंद्र. दर्यात वादळ आलं तर हा माणूस एकट्याने शीड उतरवतो, आणि घरात भाऊ बोलला की याची जीभ टाळूला चिकटते. मी त्याला गाडी दाखवली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "धोंडू कायतरी बघूनच बोलला असेल. उंच हाय तेच बरं."

"मी चढवू कशी?"

"धोंडू हाय ना."

बस. तीन शब्दांत माझी गाडी गेली.

दुसऱ्या दिवसापासून धोंडू पाट्या चढवायला लागला आणि पुढच्या फळीवर बसायला लागला. मी मागून चालत. लालबागला गिरणीच्या दारात पहिल्या दिवशी त्याने फक्त पाट्या उतरवल्या. तिसऱ्या दिवशी बोंबलाचा भाव सांगितला. पाचव्या दिवशी गंगुबाई, जी माझ्याकडून सहा वर्षं मासळी घेत होती, मला म्हणाली, "काय गो मंजुळा, आता दिराकडे विचारूचा लागता काय?" ती मालवणची बाई, मनात एक नि तोंडात एक असं तिला जमत नाही. मी हसले. आत नुसती आग पेटली होती.

बरं, गाडी तरी नीट चालावी? बैलाची मान होती तिथेच राहिली आणि फळी गेली वर, त्यामुळे गाडी पुढे कलली. सगळा भार माझ्या पवळ्याच्या मानेवर. सहा दिवसांत त्याच्या मानेला जखम झाली. मी धोंडूला दाखवली.

"होडी नाळेवर झुकते तशी झाली," तो म्हणाला. "सोपा हाय. मागं निरम टाकतो."

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, आणि निरम म्हणजे होडी डुलू नये म्हणून तळाशी ठेवतात ते दगड. मला वाटलं गंमत करतोय. त्याने खरंच बंदरावरून चार धोंडे आणले आणि गाडीच्या मागच्या टोकाला रचले. बैलगाडीत निरम! कोळ्याशिवाय हे जगात कुणाला सुचणार नाही, आणि कोळ्यांतही धोंडूशिवाय नाही. पण बंदरावरच्या एकानेही त्याला वेडा म्हटलं नाही. उलट दोघांनी धोंडे कसे बसवावेत ते दाखवलं. सपाटीवर गाडी सरळ चालायला लागली आणि धोंडू माझ्याकडे मान वळवून बघायचा, बघ, झाली की नाही?

"पाण्यात होडी जेवढी बुडते तेवढं तिला पाणी उचलतं," मी म्हणाले. "रस्ता काय उचलणार? चढावर धोंडे मागं गेले तर?"

"तू मासळी बघ, वैनी."

मासळी बघ! ती तरी कुठे माझी राहिली होती?

माघी पुनवेचा दिवस. उधाण चांगलंच होतं, उघाडीच्या दगडावर पाणी खळखळत होतं. पाच पाट्या पापलेट, दोन पाट्या कोळंबी. रामचंद्रची होडी नुकतीच लागली होती, तोही बांधापर्यंत आमच्याबरोबर आला. गाडी दगडावरून गेली. घासली नाही. पाणी फळीच्या कितीतरी खाली राहिलं. धोंडू ओरडला, "बघ दादा! थेंब लागला काय?"

आणि दगडाच्या पुढे बांधाचा चढ लागतो.

पवळ्याने पुढचे पाय चढावर टाकले. मागे धोंडे सरकले, पाट्या सरकल्या, आणि गाडी उलाळ झाली. मागचं टोक चिखलात, दांड्या आभाळाकडे. धोंडू उताणा पडला. पवळ्या गळ्याच्या पट्ट्याला लटकला, पुढचे दोन्ही पाय हवेत. त्याच्या तोंडातून आवाजही निघेना, फक्त डोळे बाहेर आले.

माझ्या कमरेला कोयती होती. मी पट्टा कापला. दुसरं काय करणार? पवळ्या खाली आला तो बांधाच्या कडेवरून मिठागरात, उजव्या पायावर. पाय मोडल्याचा आवाज मी ऐकला. पापलेट सगळं खाऱ्या पाण्यात पांढरं होऊन तरंगत होतं आणि मला त्याच्याकडे बघावंसंही वाटलं नाही.

धोंडू उठला. कोपर खरचटलं होतं. पवळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सांगायचा होतास ना, वैनी."

माझ्या हातात कोयती होती. ती मी चिखलात टाकली, कारण हातात राहिली असती तर काय झालं असतं सांगता येत नाही. मग मी ओरडले. काय काय ओरडले ते मला आठवत नाही. मिठागरातले आगरी हातातली फावडी टाकून बघत उभे राहिले एवढं आठवतं. रामचंद्र खाली उतरून पवळ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याने सगळं ऐकलं. एकदाही मला गप्प बस म्हणाला नाही.

पवळ्या तिसऱ्या दिवशी मेला.

चौथ्या दिवशी मी रिकामी गाडी ढकलत भोईवाड्यात निघाले. रामचंद्र न बोलावता आला आणि त्याने दांडी धरली. धोंडू घरीच होता. एक भरली पाटीही बरोबर घेतली होती, कारण बाजार काही थांबत नाही; त्या उंच फळीवर चढत नव्हती म्हणून डोक्यावर.

दौलत बाहेर आला. बैल नाही हे त्याने बघितलं. सगळ्या परळला कळलं होतं, त्यालाही कळलंच असणार.

"ठोकळे कापा," मी म्हणाले. "चार बोटं."

त्याने हात पुसले. आणि देवाशपथ सांगते, एवढं सगळं होऊनही त्याची मान वळली. माझ्याकडे नाही. त्याने रामचंद्रला विचारलं, "किती ठेवू, रामचंद्र?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी रामचंद्र बोलला.

"मला कशाला विचारतोस? गाडी जमिनीवर चालते. हिला विचार."

एवढं बोलायला माझ्या नवऱ्याला एक बैल लागला.

दौलत माझ्यासमोर आला. मी पाटी खाली ठेवली, दोन्ही हातांनी उचलली आणि गुडघ्यावर घेतली. त्याला वाटली असेल लाज, वाटली तर वाटली. या वेळी त्याने नजर वळवली नाही. वाकला, माझ्या गुडघ्याशेजारी सुतळी धरली, त्यावर माझीच चार बोटं ठेवायला सांगितली आणि गाठ मारली.

दुपारपर्यंत ठोकळे कापून झाले. गाडी खाली आली. पुढे दांड्यांमध्ये कुणी नव्हतं, नुसतं जू जमिनीला टेकलेलं. रामचंद्र पाटीला हात लावायला पुढे झाला.

"हात लावू नका," मी म्हणाले.

मी टाच उचलली, गुडघा वर घेतला आणि पाटी फळीवर सरकवली. मग खाली उतरवून डोक्यावर घेतली आणि चालत लालबागला गेले, कारण गाडी ओढायला पवळ्या नव्हता.